झाडाचा चीक, मेंढीचा चीक

मेंढरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते? माणदेशातला उघडाबोडका माळ, करपलेले कुसळी गवत, खांद्यावर घोंगडे टाकून काठीवर रेललेला धनगर आणि वर रणरणते ऊन. मेंढी हे कोरड्या मुलखाचे जनावर, असे आपण धरूनच चालतो. वर्षाला ऐंशी इंच पाऊस पडतो, भर दुपारी तिन्हीसांजेसारखा उजेड असतो, अशा दाट झाडीत कोणी मेंढ्या पाळतो म्हटले, तर ऐकणारा हसेल. पण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन दहाबारा वर्षे इथेतिथे काढल्यावर 1985 साली मला मलेशियात जी नोकरी मिळाली, ती नेमकी याच कामाची होती. नेगेरी सेंबिलान प्रांतातला एक रबराचा मळा, त्यात मेंढ्यांचा एक मोठा कळप, आणि त्या कळपाची कोकरे जगवायची जबाबदारी माझ्यावर.

रबराचे झाड मूळचे मलायाचे नव्हे. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने 1876 साली ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनजवळच्या क्यू येथील बागेत पोचवल्या. त्यांतून उगवलेली बावीस रोपे पुढच्या वर्षी सिंगापूरला गेली. तिथल्या सरकारी बागेचा प्रमुख रिडली हा गृहस्थ खिशात बिया घालून मळेवाल्यांच्या दारोदार हिंडे आणि लोक त्याला वेडा म्हणत. मोटारगाड्या आल्या, टायर आले, आणि वेडा कोण होता ते ठरले! जंगले तुटली, रबराच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्या रांगांत काम करायला तमिळ मुलखातून माणसांची जहाजे भरून गेली. मी गेलो तेव्हा त्या माणसांची नातवंडे-पतवंडे मळ्यावर राहत होती. त्यांच्या चाळींना ‘लाइन’ म्हणत आणि मॅनेजरला ‘पेरिया दोराई’, म्हणजे मोठे साहेब.

आता या बागेत मेंढीचे काय काम? गवत! एकरी दीडपावणेदोनशे झाडे, दोन रांगांमध्ये वीसबावीस फुटांचे अंतर. झाड चीक द्यायच्या लायकीचे व्हायला पाचसात वर्षे लागतात. त्या काळात मोकळ्या पट्ट्यांत काय काय माजते विचारू नका. वेली, नेचे, रुंद पानांचे तण, आणि पात्याने बोट कापेल असे लालांग गवत. ते काढायला माणसे लावा, नाहीतर विषारी औषध फवारा. दोन्हींना पैसा लागतो. मलेशियाच्या रबर संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात मेंढ्या सोडून पाहिल्या आणि हिशेब सरळ दिसला. तण मेंढी खाते, तणाचे मांस होते, लेंडी झाडाच्या बुंध्याशी पडते. आसिस्टाशिया नावाचे एक तण मळेवाल्यांना डोकेदुखी वाटे. आमच्या मेंढ्या त्यावर अशा तुटून पडत की जणू श्रीखंडाचे पातेलेच!

शेळी का नाही, असे कोणीही विचारील. शेळी फार चौकस. ती साल सोलते, मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढते, चिकाची वाटी लवंडते. मेंढी बिचारी मान खाली घालून चरते, तिचे झाडाकडे लक्षही नसते. फक्त रोपांचे शेंडे तिच्या तोंडाच्या वर गेलेले हवेत. मात्र या फुकटच्या जेवणालाही मुदत आहे. चौथ्यापाचव्या वर्षी झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात, उजेड तुटतो आणि खालचे गवत विरळ होते. ज्या जागेवर हेक्टरी सहाआठ मेंढ्या सुखाने चरत, तिथे मग एकदोनच पोसतात. म्हणून कळप तरुण बागांच्या मागे फिरवावा लागतो.

हे सगळे साहेबाच्या कागदावर अगदी छान होते. कागदावर नव्हते ते एवढेच, की कोकरे मरत होती. शंभर जन्मली तर वीसतीस दूध सुटण्याच्या आधीच जात. मेंढ्या धष्टपुष्ट, गवत मुबलक, आणि सकाळी वाड्यात जावे तो एक-दोन चिमुकले देह फळ्यांवर ताठ पडलेले. मळ्याच्या कचेरीत याला ‘नेहमीची घट’ म्हणत आणि एका रकान्यात आकडा लिहून मोकळे होत.

आमचा मेंढवाडा जमिनीपासून चार फूट उंच खांबांवर होता. खाली ओल, चिखल, जळवा. म्हणून फळ्यांची जमीन, आणि लेंड्या-मूत खाली पडावे म्हणून दोन फळ्यांत फट. ती फट मोठ्या मेंढीच्या खुराच्या मापाने ठेवलेली! दोन दिवसांच्या कोकराचा पाय तीत सरळ अडकतो. मी पहिल्या आठवड्यात केलेले काम म्हणजे व्यायच्या मेंढ्यांसाठी एक कोपरा वेगळा काढून तिथे अर्ध्या इंचाच्या फटीच्या फळ्या ठोकल्या आणि वर गोणपाट अंथरले. याला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही, सुतार लागतो. पण मोडके पाय थांबले.

उरलेले काम एका बाईने शिकवले. तिला सगळा मळा ‘पाट्टी’ म्हणे. पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. साठीच्या पुढची, काळीसावळी, कृश, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या. तीस वर्षे तिने पहाटे उठून झाडांना खाचा पाडल्या होत्या. चीक पहाटेच चांगला वाहतो आणि ऊन चढले की आटतो, म्हणून ही माणसे अंधारातच कपाळाला दिवा बांधून निघतात. गुडघे गेल्यावर तिला मेंढवाडा झाडायला दिले होते. झाडता झाडता ती कोकराच्या तोंडात करंगळी घालून बघे. तोंड गरम लागले तर पुढे जाई. गार लागले तर कोकरू उचलून पदरात घेई. मला हे निदान पुस्तकातही ठाऊक होते, परंतु रात्री दोन वाजता पावसात उठून पंचवीस तोंडांत करंगळी घालणारे माणूस पुस्तकात मिळत नाही.

इथे आपल्या मराठीची एक मौज सांगतो. आपण रबराच्या झाडाच्या दुधालाही चीक म्हणतो आणि व्यालेल्या जनावराच्या पहिल्या दुधालाही चीकच म्हणतो. तो मळा झाडाच्या चिकावर चाले, आणि कोकरू मेंढीच्या चिकावर. माणसाच्या मुलाला आईच्या पोटात असतानाच रोगांशी लढण्याचे थोडेफार बळ मिळालेले असते. कोकराला ते मिळत नाही. मेंढीची वार ते पलीकडे जाऊच देत नाही. कोकरू जन्मते ते पूर्ण निःशस्त्र. त्याची सगळी शस्त्रे त्या पहिल्या पिवळट, दाट दुधात असतात, आणि कोकराच्या आतड्याचे दार त्यांच्यासाठी जेमतेम एक दिवस उघडे राहते. पहिल्या सहा तासांत सताड, मग हळूहळू मिटत जाणारे. किलोभर वजनाला पन्नास मिलिलीटर चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेला पाहिजे. तिथल्या देशी मेंढीचे कोकरू दीड-पावणेदोन किलोचे. म्हणजे चहाचा एक लहान कप! त्या एका कपावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

हा कप त्याला का मिळत नाही? कारणे क्षुल्लक. पहिलटकरीण मेंढी गोंधळते आणि पिलाला चाटतच नाही. जुळे झाले की पहिले कोकरू उठून भटकते आणि आई दुसऱ्याला चाटत बसते. कासेचा एक सड बंद असतो. लोकर इतकी लोंबते की कोकरू सडाऐवजी लोकरीचा झुपकाच चोखत राहते. ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या डॉर्सेट मेंढ्यांचा संकर आमच्या कळपात होता. कोकरे थोराड होत, पण लोकर त्या दमट हवेत नुसती शिक्षा. विकावी तर कोणी घेत नाही, ठेवावी तर मेंढी धापा टाकते. सुमात्रात याच सुमारास वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉइ बेटाच्या, लोकरीऐवजी केस असलेल्या मेंढ्या आणून स्थानिक मेंढ्यांशी संकर करीत होते. मला विचाराल तर शहाणपणा त्यांचा.

पाट्टीच्या हाताखाली आम्ही नेम बांधला. व्यायला टेकलेली मेंढी वेगळी काढायची, कासेभोवतीची लोकर कातरायची. कोकरू पडले की नाक-तोंड पुसायचे, नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची, सडातून पहिली धार काढून सड मोकळा करायचा आणि कोकरू तोंडाला लावायचे. आई आणि पिलू दोन दिवस एका खणात बंद. ज्या मेंढीला दूध जास्त तिचा थोडा चीक पिळून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवायचा. अख्ख्या मळ्यावर बर्फ करणारी कपाटे दोनच: एक साहेबांच्या बंगल्यात, एक आमच्याकडे. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी तो पिवळा बर्फ पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, एवढा चीक घरात असून खरवस करायचा नाही म्हणजे काय?” मी गंभीरपणे सांगितले की हा खरवस रात्री दोनला लागतो आणि खाणारे दार ठोठावत नाही. पुढे त्यांनीच साच्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. गोठलेला चीक कोमट पाण्यातच विरघळवायचा, विस्तवावर ठेवायचा नाही. तापला की त्यातली शस्त्रे बोथट होतात आणि उरतो तो खरोखरच खरवस.

मलेशियाच्या त्या पश्चिम भागात ऑक्टोबर-नोव्हेंबर हे ऐन पावसाचे महिने. दिवाळी नेमकी त्यातच येते. पाऊस पडला की झाडाची साल भिजते, चीक वाटीत न पडता खोडावरून ओघळतो, म्हणून त्या दिवशी बागेला सुटी. मेंढवाड्याला मात्र दुप्पट काम. 1986 सालच्या दिवाळीची आदली रात्र मला चांगली आठवते. तीन दिवस आभाळ फाटले होते. लाइनीत मुरुक्कू तळल्याचा वास सुटला होता, पणत्या आत घेतल्या होत्या, आणि वाड्यात एका रात्रीत सहा मेंढ्या व्याल्या. वाऱ्याने छपराचा एक पत्रा उडाला आणि त्याखालचा खण भिजला. पाट्टीचा नातू कंदील घेऊन धावत आला तेव्हा आम्ही दोघेही उठलो. सौभाग्यवतींनी चिकाचा साचा टॉवेलात गुंडाळून घेतला.

चार कोकरे गारठली होती. दोघांच्या तोंडात करंगळी घातली तर विहिरीच्या पाण्यासारखी गार. अशा कोकराला नुसते दूध पाजून उपयोग नसतो. गिळण्याचेही त्राण नसते, दूध फुप्फुसात जाते. आधी ऊब. चुली ओल्या, वीज गेलेली. पाट्टी काही न बोलता उठली आणि घरी गेली. पहाटे घरातल्या सगळ्यांच्या अभ्यंगस्नानासाठी तिच्या सुनेने भलेमोठे पातेले चुलीवर चढवून ठेवले होते. ते पातेले मुलाकडून उचलवून घेऊन ती परत आली! सून मागोमाग तणतणत आली, आणि कोकरे पाहून गप्प झाली. आम्ही एकेकाला मानेपर्यंत त्या कोमट पाण्यात धरले, बाहेर काढून पाट्टीच्या जुन्या लुगड्याने खसखसून पुसले, मग नळीने थोडाथोडा चीक पोटात सोडला. तिसरे कोकरू पाण्यातच गेले. बाकी तिघे उजाडेपर्यंत ओरडू लागले. कोकराचे ओरडणे इतके गोड लागते हे मला तोवर माहीत नव्हते.

एक मेंढी मात्र पिलू गेल्यावर खणात फिरत होती, आणि पलीकडे जुळ्यांची आई, जिचा एक सड बंद. पाट्टीने मेलेल्या कोकराचे कातडे काढून जुळ्यांतल्या धाकट्याच्या अंगावर बंडीसारखे चढवले. मेंढीने हुंगले, पुन्हा हुंगले आणि पान्हा सोडला. आमच्या सौभाग्यवतींना ते बघवेना. त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी बंडी काढून टाकली तेव्हा ते कोकरू तिचेच झालेले होते.

त्या सकाळी लाइनीतल्या घराघरांत इडलीबरोबर मटणाचा रस्सा होता. तिथल्या तमिळ घरांत दिवाळीला तो असतोच. आम्हालाही पाट्टीकडून डबा आला. यात कोणाला विसंगती वाटेल. पाट्टीला वाटली नाही, आणि खाताना मलाही नाही.

पहिला दिवस पार पडला म्हणजे कोकरू सुटले असे नाही. दुसरा घाट येतो दीडदोन महिन्यांनी, आणि तो अधिक कपटी. मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा एक जंत आहे, बोटाच्या एका पेराएवढा. लाल रक्ताची आणि पांढऱ्या अंडाशयाची पिळदार दोरी दिसते, जुन्या विलायती न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या रंगीत खांबासारखी. म्हणून इंग्रजीत त्याला नावही तेच. एक जंत दिवसाला एक थेंबभरच रक्त पितो. पण हजार जंत असले तर ते दिवसाला पन्नास मिलिलीटर होते, आणि सहा किलोच्या कोकराच्या अंगात सगळे मिळून रक्त असते साडेचारशे मिलिलीटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. कोकरू हगत नाही, खोकत नाही; फक्त मागे मागे राहते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, आणि एके दिवशी चरता चरता बसते ते उठत नाही.

याला रबराची सावलीच जबाबदार. उघड्या माळावर ऊन जंताच्या अळ्या भाजून काढते. सावलीत दहा वाजेपर्यंत दव वाळत नाही, आणि ओल्या पात्यावर अळी चढून बसते. शिवाय व्यालेल्या मेंढीच्या लेंडीतून नेमकी त्याच काळात अधिक अंडी पडतात. म्हणजे आईच नकळत पिलाचे ताट वाढून ठेवते. औषधे होती. पण तीच ती औषधे महिन्याच्या महिन्याला पाजून पाजून 1990 च्या दशकात मलेशियाच्या कित्येक कळपांत ती पाण्यासारखी निकामी झाली. आम्ही त्यापेक्षा दोन साध्या गोष्टींवर भर दिला. दव वाळल्याशिवाय कळप सोडायचा नाही. आणि खालची पापणी उलटून पाहायची: आत लाल असेल तर ठीक, पांढरीफटक असेल तर त्या एका जनावराला औषध. पुढे दक्षिण आफ्रिकेत याच पापणीच्या रंगांचा तक्ता छापून निघाला आणि जगभर गेला.

खरा तोडगा मात्र चालण्यात होता. उष्ण, ओल्या हवेत अंड्यातून घातक अळी तयार व्हायला चारपाच दिवस तरी लागतात. पण त्याच उष्णतेने अळीची शिदोरी लवकर संपते आणि महिना-दीड महिन्यात बहुतेक मरतात. तेव्हा जागेचे दहा तुकडे करा, एका तुकड्यावर साडेतीन दिवसच थांबा, आणि पस्तिसाव्या दिवशी परत या. टोंगा बेटांवर शेळ्यांवर असा प्रयोग होऊन तो 1994 साली प्रसिद्ध झाला. तो वाचला तेव्हा मी पुण्यास परतलो होतो आणि मला आमच्या फलटणकडचे धनगर आठवले. दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे, आज याच्या शेतात मेंढरे बसव, उद्या त्याच्या, एका जागी वाडा फार दिवस ठेवायचा नाही, नव्या जन्मलेल्या कोकरांना घोड्यावर जाळीत घालून न्यायचे. त्यांनी अळ्या पाहिल्या नव्हत्या. त्यांनी फक्त मुक्काम हलवला होता.

शेजारच्या एका मळ्यावरची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यांनी रबर काढून तेलताड लावले होते आणि गिरणीतली ताडाच्या गराची पेंड स्वस्तात मिळे म्हणून मेंढ्यांना भरपूर घालत. गाईबैलांना ती छान मानवते. त्या पेंडीत तांबे थोडे जास्त असते. बैल ते टाकून देतो, मेंढीचे यकृत ते कंजुषासारखे साठवत बसते. महिनोन्‌महिने काही दिसत नाही. मग एके दिवशी कोठार फुटते: डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी लाल, दोनतीन दिवसांत खेळ खलास. तिथले लोक विषप्रयोगाच्या संशयाने एकमेकांवर उठले होते. मी एक मेंढी चिरून यकृत दाखवले तेव्हा भांडण थांबले. मेंढ्या पुढे पंधरा दिवस मरतच होत्या.

आमच्या वाड्यात तिसऱ्या वर्षी कोकरांच्या रकान्यातला आकडा इतका खाली आला, की कचेरीतल्या कारकुनाने मला बोलावून ‘नेहमीची घट’ कमी का दिसते असा खुलासा मागितला. मी पाट्टीचे नाव सांगितले. साहेब भला माणूस होता. त्याने तिचा रोज वाढवायचे ठरवले, पण हजेरीपटात कोकरांची सुईण असे पदच नव्हते. झाडूवालीला तेवढा रोज देता येईना. दोन दिवस खल झाला. शेवटी तिची नोंद ‘रात्रीचा पहारेकरी’ म्हणून केली, आणि नियमाप्रमाणे पहारेकऱ्याला मिळणारे सामान तिच्यासमोर ठेवले: शिट्टी, दंडुका, रेनकोट आणि चार सेलची बॅटरी. तिने शिट्टी नातवाला दिली, दंडुका खणाच्या दाराला अडसर म्हणून लावला, रेनकोट भिजलेल्या कोकरांसाठी खुंटीवर टांगला, आणि बॅटरी पेटवून पहिल्या खणापासून करंगळी घालीत निघाली.